‘यापूर्वी संशोधन झालेले नाही’ : समाजशास्त्रीय लेखांचा शोध आणि मराठीचा अभ्यासक

१

मराठी विषयात पीएच. डी. साठी सादर होणाऱ्या प्रबंधांच्या पहिल्या प्रकरणात एक वाक्य वारंवार आढळते : ‘प्रस्तुत विषयावर यापूर्वी स्वतंत्र संशोधन झालेले नाही.’ विषयाची निवड समर्थनीय ठरविण्यासाठी हे वाक्य लिहिले जाते, मार्गदर्शक ते मान्य करतात आणि परीक्षकही सहसा त्यापाशी थांबत नाहीत. वस्तुतः संपूर्ण प्रबंधात याहून धाडसी विधान क्वचितच असेल. ‘झालेले नाही’ हे ज्ञानाच्या एकंदर स्थितीविषयीचे विधान आहे. अभ्यासकाच्या अनुभवातून जे सिद्ध होते ते मात्र ‘आढळले नाही’ एवढेच. आणि तेही कोठे, कोणत्या शब्दांनी, कितपत शोधले यावर अवलंबून. या दोन विधानांतील अंतर ओलांडण्याचा अधिकार पद्धतशीर शोधानेच प्राप्त होतो. असा शोध कसा घ्यावा याचे शिक्षण मराठी विभागांतून अभावानेच दिले जाते, ही या विवेचनामागील मुख्य तक्रार आहे.

ही उणीव समाजशास्त्रीय लेखांच्या बाबतीत विशेष जाणवते. दलित साहित्य, ग्रामीण साहित्य, लोकसाहित्य, स्त्रीवादी समीक्षा या सर्व अभ्यासक्षेत्रांनी मराठी समीक्षेला समाजाच्या अभ्यासाकडे वळविले. त्यामुळे ‘सामाजिक पार्श्वभूमी’ नावाचे प्रकरण प्रबंधात येतेच. परंतु ते बहुधा दोन-तीन क्रमिक पुस्तकांच्या आणि तितक्याच पूर्वीच्या प्रबंधांच्या आधारे रचलेले असते. समाजशास्त्रातील मूलभूत वाद, क्षेत्रीय अभ्यास आणि संकल्पनांच्या दुरुस्त्या प्रथम अवतरतात त्या नियतकालिकांतील लेखांमधून. ‘संस्कृतीकरण’ ही संकल्पना मराठी समीक्षेत सर्रास वापरली जाते, परंतु एम. एन. श्रीनिवास यांनी १९५६ मध्ये ‘फार ईस्टर्न क्वार्टर्ली’मध्ये लिहिलेले त्या संकल्पनेवरील टिपण मुळातून वाचणारे किती, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. ते टिपण आज महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसून वाचता येणे शक्य आहे, आणि म्हणूनच ते न वाचण्याची सबब आता उरलेली नाही.

२

एके काळी ही सबब खरी होती. तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात इंग्रजी संशोधनपत्रिकांचे जुने अंक मिळणे दुरापास्तच होते. मुंबई-पुण्याची वारी करून हस्तलिखित टिपणे काढणे हाच मार्ग होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ मध्ये पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेच्या छत्राखाली इन्फ्लिबनेट हा कार्यक्रम सुरू केला आणि १९९६ मध्ये त्यास स्वतंत्र संस्थेचे रूप दिले. याच संस्थेमार्फत २०१० पासून ‘एन-लिस्ट’ योजनेद्वारे महाविद्यालयांपर्यंत हजारो नियतकालिके पोहोचविण्यात आली. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेस मान्यता दिली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद असलेल्या या योजनेत ३० प्रकाशकांच्या सुमारे १३,००० नियतकालिकांचा समावेश करण्यात आला. तिचा पहिला लाभ केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांना देण्यात आला. म्हणून आपल्या महाविद्यालयास नेमके काय उपलब्ध आहे, हे प्रत्येक अभ्यासकाने ग्रंथपालांना विचारून घेणे हीच शोधाची पहिली पायरी ठरते.

मात्र उपलब्धता म्हणजे शोध नव्हे. ‘डेटाबेस’ या एकाच नावाखाली भिन्न प्रकृतीच्या गोष्टी एकत्र येतात, आणि हा भेद न जाणल्यामुळे पुष्कळ श्रम वाया जातात. ‘सोशिऑलॉजिकल अ‍ॅबस्ट्रॅक्ट्स’सारखा डेटाबेस ही मूलतः सूची आहे. १९५२ पासूनच्या समाजशास्त्रीय लेखनाचे गोषवारे आणि विषयशीर्षके त्यात मिळतात. लेख कोठे आहे हे तो सांगतो, लेख हाती देतोच असे नाही. याउलट ‘जेस्टॉर’ हे संपूर्ण लेखांचे संग्रहालय आहे. जुन्या अंकांनी ग्रंथालयांतील कपाटे भरून जात होती, त्यावर उपाय म्हणून १९९५ मध्ये ते स्थापन झाले. जुने ते जपावे हाच हेतू असल्याने त्यातील अनेक नियतकालिकांच्या बाबतीत अलीकडची तीन ते पाच वर्षे वगळलेली असतात. प्रत्येक नवे वर्ष उजाडताच ही मर्यादाही एका वर्षाने पुढे सरकते. म्हणजे जेस्टॉरमध्ये २०२४ चा लेख सापडला नाही, यावरून त्या वर्षी काही लिहिले गेले नाही असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल. तिसरा प्रकार प्रकाशकांच्या स्वतःच्या संग्रहांचा. लुई द्युमाँ व डेव्हिड पोकॉक यांनी १९५७ मध्ये सुरू केलेले ‘कॉन्ट्रिब्यूशन्स टू इंडियन सोशिऑलॉजी’ सेज या प्रकाशनसंस्थेच्या संग्रहात शोधावे लागते. भारतीय समाजावरील महत्त्वाचे लेखन असे अनेक दालनांत विखुरलेले आहे. एका दालनात डोकावून शोध संपला असे मानणारा अभ्यासक स्वतःचीच फसवणूक करीत असतो.

नियतकालिकांची नावेही स्थिर नसतात. १९४९ मध्ये मुंबईत सुरू झालेले ‘इकॉनॉमिक वीकली’ १९६६ पासून ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ झाले. श्रीनिवास यांचे टिपण ज्यात आले ते ‘फार ईस्टर्न क्वार्टर्ली’ १९५६ मध्येच ‘द जर्नल ऑफ एशियन स्टडीज’ या नावाने निघू लागले. केवळ आजच्या नावाखाली जुना लेख धुंडाळणाऱ्याच्या पदरी निराशा येते ती अशी.

३

या तांत्रिक बाबी अर्ध्या दिवसात शिकता येतात. खरी अडचण शब्दांची आहे, आणि तेथे साहित्याच्या अभ्यासकाचे स्वतःचे कौशल्य पणाला लागते. एक उदाहरण विस्ताराने पाहणे उपयुक्त ठरेल.

एखादा विद्यार्थी वारकरी परंपरा आणि आधुनिक मराठी गद्य असा विषय घेतो, असे समजू. वारीवरील समाजशास्त्रीय लेख शोधण्यासाठी तो साहजिकच ‘वारी’ हा शब्द रोमन लिपीत टंकित करतो. पहिली अडचण लिप्यंतराची. हा शब्द रोमनमध्ये व्ही या अक्षराने लिहिणारे आहेत, तसे डब्ल्यू या अक्षराने लिहिणारेही आहेत; ‘वारकरी’चेही तेच. ‘विठ्ठल’ हे नाव एका टी ने, दोन टी ने, एच सह, एच विना आणि अक्षरांखाली टिंबे देऊन अशा नानाविध प्रकारे छापलेले आढळते. यंत्राच्या दृष्टीने हे बहुधा निरनिराळे शब्द असतात. म्हणून सर्व पर्यायी रूपे ‘ऑर’ या जोडशब्दाने एकत्र बांधून कंसात ठेवावी लागतात आणि मग दुसऱ्या कल्पनेशी ‘अँड’ने जोडावी लागतात. जॉर्ज बूल या एकोणिसाव्या शतकातील गणितज्ञाच्या तर्कपद्धतीवर आधारलेली ही रीत आहे. ‘ऑर’ने जाळे रुंदावते, ‘अँड’ने ते आवळले जाते, ‘नॉट’ने नको तो भाग वगळला जातो. यांतील ‘नॉट’ जपून वापरावा, कारण नको त्याबरोबर हवे तेही त्याने निघून जाते.

आता हा विद्यार्थी सर्व रूपे योजून, परंतु केवळ लेखांच्या शीर्षकांत शोध घेतो असे धरू. तरीही एक महत्त्वाचा लेख त्याच्या हाती लागणार नाही. तो म्हणजे इरावती कर्वे यांचा ‘ऑन द रोड : अ महाराष्ट्रियन पिल्ग्रिमेज’, नोव्हेंबर १९६२ च्या ‘द जर्नल ऑफ एशियन स्टडीज’मध्ये प्रसिद्ध झालेला. या शीर्षकात वारी नाही, वारकरी नाही, पंढरपूर नाही आणि विठ्ठलही नाही. संपादकांसमोर होता तो मुख्यतः पाश्चात्त्य वाचक. त्याला कळणारा शब्द ‘पिल्ग्रिमेज’ हा होता. हा लेख शोधावयाचा तर वारीकडे बाहेरून पाहणारा मनुष्य तिला काय म्हणेल, याचा विचार आधी करावा लागतो. ‘पिल्ग्रिम’ या शब्दांशापुढे तारकाचिन्ह दिल्यास त्यापासून बनलेली सर्व रूपे येतात. त्यास ‘महाराष्ट्र’ या शब्दाचे असेच खुले ठेवलेले रूप जोडले की लेख समोर उभा राहतो.

येथेही एक खाचखळगा आहे. शोध मर्यादित करण्यासाठी विद्यार्थी जर ‘समाजशास्त्र’ या विषयशाखेच्या चौकोनात खूण करील, तर हाच लेख पुन्हा निसटेल, कारण जेस्टॉरमध्ये हे नियतकालिक आशियाई अभ्यास या शाखेत घातलेले आहे. ग्रंथालयीन वर्गीकरणाच्या सोयीसाठी आखलेल्या रेषा ज्ञानाच्या सीमा नसतात. गो. स. घुर्ये यांच्या विद्यार्थिनी असलेल्या, डेक्कन कॉलेजात समाजशास्त्र व मानववंशशास्त्र शिकविणाऱ्या आणि ‘युगान्त’साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळविणाऱ्या इरावतीबाईंना कोणत्या एका चौकोनात बसवावयाचे? म्हणून आरंभीच्या शोधात विषयशाखेची मर्यादा घालू नये. ती फार लेख आल्यावर, पाहून-सवरून घालावी.

मराठीच्या अभ्यासकाने या उदाहरणातील सर्वांत उद्बोधक गोष्ट मात्र वेगळीच मानली पाहिजे. हा इंग्रजी लेख म्हणजे ‘परिपूर्ती’ या संग्रहातील ‘वाटचाल’ या मराठी लेखाचा अनुवाद होय. एकाच दिंडीतील माणसे जातींनुसार वेगळी जेवतात हे पाहून अस्वस्थ होणारे आणि पंढरीला जाणाऱ्या लोकांवरून महाराष्ट्राची व्याख्या करू पाहणारे ते लेखन मराठीत ‘ललित निबंध’ म्हणून अभ्यासले जाते. तेच इंग्रजीत गेल्यावर जगभरच्या समाजशास्त्रज्ञांचे साधन ठरते. ‘परिपूर्ती’ कपाटात असताना तिचे हे दुसरे जीवन अभ्यासकास ठाऊक नसावे, ही गोष्ट शोचनीय म्हटली पाहिजे.

४

शब्दांचा प्रश्न केवळ लिप्यंतराचा नाही, इतिहासाचाही आहे. दलित आत्मकथनांवर काम करणारा विद्यार्थी ‘दलित’ या शब्दाने शोध घेतो. त्यास अलीकडच्या लेखांचा पूर येतो. परंतु १९७० च्या मागे जाताच हा प्रवाह आटतो. यावरून दलित पँथरच्या स्थापनेपूर्वी, म्हणजे १९७२ पूर्वी, इंग्रजी समाजशास्त्राने या समाजाची दखल घेतली नाही असा निष्कर्ष काढणे सोपे असते. तो निष्कर्ष चुकीचा आहे. त्या काळच्या लेखांत ‘अनटचेबल’, ‘डिप्रेस्ड क्लासेस’, ‘हरिजन’, ‘शेड्यूल्ड कास्ट’ किंवा थेट जातीचे नाव येते. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूर येथील धर्मांतरावरील रॉबर्ट मिलर यांचा ‘एशियन सर्व्हे’मधील १९६७ चा लेख पाहावा. त्याच्या शीर्षकात महार आणि पूर्वाश्रमीचे अस्पृश्य या अर्थाचे शब्द आहेत, ‘दलित’ नाही. ‘बलुतं’ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात चितारलेला काळ मात्र त्यामागील कित्येक वर्षांचा आहे, आणि त्या काळाचे समाजशास्त्र त्या काळाच्या शब्दांतच नोंदलेले आहे.

म्हणजे अभ्यासकाला काही वेळा असे शब्द शोधशब्द म्हणून वापरावे लागतात, जे त्याच्या वाङ्मयीन परंपरेने विचारपूर्वक नाकारले आहेत. ज्यांच्या विरोधात ते साहित्यच उभे राहिले आहे. हे काम सुखावह नाही, पण टाळता येण्याजोगेही नाही. कोणत्या दशकात कोणता शब्द येतो, तो कोण वापरतो, तो केव्हा मागे पडतो याची नोंद करीत गेल्यास शोधाचे हे कामच अर्थपूर्ण संशोधन होते. नामांतराचा इतिहास हा सत्तासंबंधांचा इतिहास असतो हे समीक्षेत आपण शिकवितो. डेटाबेसच्या शोधचौकटीत त्याचा प्रत्यक्ष प्रत्यय येतो. या अर्थाने शोधशब्दांची निवड हे कारकुनी काम नसून ती एक सैद्धान्तिक कृती आहे, आणि शब्दाच्या अर्थच्छटांवर पोसलेला साहित्याचा विद्यार्थी तिला इतर कोणाहूनही अधिक लायक आहे.

५

एक चांगला लेख हाती आला की शोधशब्दांवरील भिस्त कमी होते. त्या लेखाच्या तळटीपा मागे नेतात, आणि त्या लेखाचा आधार पुढे कोणी घेतला हे दाखविणारी सोय पुढे नेते. व्हिक्टर टर्नर यांनी १९७४ च्या ‘ड्रामाज, फील्ड्स अँड मेटाफर्स’ या ग्रंथात तीर्थयात्रांचा विचार करताना जी. ए. डेल्यूरी यांच्या ‘द कल्ट ऑफ विठोबा’चा आधार घेतला आहे. हा ग्रंथ १९६० मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. पंढरपूरच्या वाटेवरील निरीक्षणे जागतिक सिद्धान्तचर्चेत कशी पोहोचली, हे अशा साखळीतून उलगडते. जो अभ्यासक टर्नर यांच्या संकल्पना आयात केलेले सिद्धान्त म्हणून वारीला लावतो, त्यास या सिद्धान्ताच्या घडणीत वारीचाही वाटा आहे हे कळले तर त्याच्या मांडणीचा सूरच बदलेल.

सर्वसामान्य शोधयंत्रावर हे सारे मिळत असताना ग्रंथालयाच्या डेटाबेसची आवश्यकता काय, असा आक्षेप घेतला जातो. तशा शोधयंत्रांचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. परंतु तेथे लेख कोणत्या निकषावर वर-खाली लावले गेले हे कळत नाही आणि तोच शोध दुसऱ्या दिवशी तसाच घेता येईल याची खात्री नसते. अलीकडे प्रश्नाला थेट उत्तर लिहून देणाऱ्या यंत्रप्रणालींवर विसंबण्याची प्रवृत्तीही वाढली आहे. त्यांच्या उत्तरांत कधीकधी अस्तित्वातच नसलेले लेख, लेखकनाव व पृष्ठांकासह, सफाईने अवतरतात. असा प्रत्येक संदर्भ मूळ अंकात प्रत्यक्ष पाहिल्यावाचून प्रबंधात घेणे हा प्रमाद मानला पाहिजे.

६

या सर्व विवेचनावर एक गंभीर आक्षेप उरतो, आणि तो मान्य केला पाहिजे. हे डेटाबेस मुख्यतः इंग्रजीचे आहेत. १९४७ पासून निघू लागलेले ‘नवभारत’, ‘समाज प्रबोधन पत्रिका’, ‘अस्मितादर्श’ यांच्या पृष्ठांवर महाराष्ट्राच्या समाजाविषयी जे मूलगामी लेखन झाले, ते या आंतरराष्ट्रीय सूचींत जवळजवळ अदृश्यच आहे. परिणामी एक विचित्र विषमता उद्भवते. मराठीचा विद्यार्थी इंग्रजी लेख न पाहता ‘संशोधन झालेले नाही’ असे लिहितो. आणि इंग्रजीतून काम करणारा अभ्यासक मराठी लेख न पाहता तेच लिहितो. दोघांची चूक एकाच जातीची आहे. डेटाबेसमध्ये नसणे म्हणजे अस्तित्वात नसणे, हा समज दोन्हीकडे सारखाच घातक आहे.

या विषमतेवरचा उपाय डेटाबेसकडे पाठ फिरविणे हा नव्हे. आपली सूची आपण करणे हा आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० या कालखंडांतील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली, तेव्हा त्यांच्या हाताशी संगणक नव्हता. विद्यापीठांच्या मराठी व समाजशास्त्र विभागांनी एकत्र येऊन एकेका नियतकालिकाची लेखवार सूची करावयास घेतली, प्रत्येक लेखास मराठी व इंग्रजी विषयशीर्षके दिली, तर एम. ए. च्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प निरुपयोगी पुनरावृत्तीतून सुटतील आणि मराठीतील समाजचिंतन शोधाच्या कक्षेत येईल. ‘शोधगंगा’वर प्रबंध ठेवतानाही मराठी शीर्षकाबरोबर त्याचे नीट लिप्यंतर व इंग्रजी विषयशब्द दिले जावेत, अन्यथा आजचा प्रबंध उद्याच्या अभ्यासकास सापडणार नाही आणि तो पुन्हा ‘यापूर्वी संशोधन झालेले नाही’ असेच लिहील.

तोवर विभागांना एक लहानसा नियम तात्काळ करता येण्यासारखा आहे. ज्या प्रबंधात हे वाक्य येईल, त्यात त्याच्यासोबत शोधाची नोंद जोडलेली असावी : कोणते डेटाबेस पाहिले, कोणते शब्द व त्यांची कोणती रूपे योजिली, कोणत्या तारखेस, आणि कोणत्या मराठी नियतकालिकांचे कोणते अंक प्रत्यक्ष चाळले. ही नोंद दोन पृष्ठांहून मोठी होणार नाही. ती तयार करण्यास ग्रंथपालांचे साहाय्य घ्यावे. महाविद्यालयीन ग्रंथपालास केवळ पुस्तके देणारा-घेणारा मानण्याची सवय विभागांनी सोडून द्यावी. मार्गदर्शकाने ती नोंद तपासावी आणि परीक्षकाने मौखिक परीक्षेत पहिला प्रश्न तीवरच विचारावा.

असे केल्यास कदाचित ते वाक्य पुष्कळ प्रबंधांतून नाहीसे होईल आणि त्याच्या जागी अधिक विनम्र, पण अधिक मोलाचे वाक्य येईल : अमुक ठिकाणी, अमुक शब्दांनी शोधले असता हे आढळले, हे आढळले नाही. नव्या संशोधनाचा पाया घालण्यास एवढे पुरेसे आहे, कारण पुढच्या अभ्यासकास कोठून आरंभ करावयाचा हे त्यावरून कळते.